मोडीच्या काट्यावरचा नंदी

दसरा-दिवाळी जवळ आली की मराठवाड्यातल्या बाजारगावांत भांड्यांच्या दुकानांपुढे गर्दी वाढते. नवं घ्यायला येणारा माणूस सहसा रिकाम्या हाताने येत नाही. पोचे पडलेला हंडा, बूड गेलेली घागर, कल्हई उडालेलं पातेलं असं काहीबाही पोत्यातून बाहेर येतं. दुकानदार ते काट्यावर ठेवतो, मोडीचा भाव लावतो आणि तेवढे पैसे नव्या भांड्यांच्या हिशेबातून वजा करतो. जालना जिल्ह्यातल्या घनसावंगी तालुक्यातलं कुंभार पिंपळगाव हे असंच बाजारहाटाचं गाव. आसपासच्या खेड्यांचं बी-बियाणं, कापडचोपड, लग्नाचा बस्ता इथेच होतो, आणि घराघरांतल्या जुन्या तांब्यापितळेचा शेवटचा प्रवासही इथूनच सुरू होतो. जिल्ह्याचं शहर भंगार वितळवून लोखंडी सळया करणाऱ्या कारखान्यांसाठी देशभर ओळखलं जातं. जुन्याचं नवं करण्यात कुणाला काही वावगं वाटू नये, असाच हा मुलूख.

या मोडीत कधीमधी जनावरं येतात. देव्हाऱ्यातला घोडा, समईवरचा मोर, पोपटाच्या आकाराचा अडकित्ता, सोंड वर केलेला हत्ती. काट्यावर चढताना त्यांची आणि बूड गेलेल्या घागरीची जात एकच होते: पितळ, इतके किलो, इतके ग्रॅम. दुकानदाराचा यात काही दोष नाही. त्याच्याकडे धातू मोजायचं साधन आहे आणि तो धातू मोजतो. पण घरातली जुनी, शोभेची म्हणून ठेवलेली प्राण्याची मूर्ती नेमकी कशी जोखायची, हा प्रश्न त्या काट्याने सुटत नाही. मोठमोठ्या अभ्यासकांनाही तो सहज सुटलेला नाही, आणि त्याचं सर्वांत मोठं उदाहरण महाराष्ट्रातच आहे.

आधी एक नंदी पाहू. कुंभार पिंपळगावातल्या एका शेतकरी कुटुंबाकडे मी तो हातात घेऊन पाहिला. लांबी वीतभर, वजन हाताला चांगलं जाणवणारं. नंदी एका चौकटीवर उभा आहे आणि चौकटीच्या चार कोपऱ्यांना खाली चार कान आहेत. प्रत्येक कानाला आरपार भोक. दुकानदाराने वजनाचा भाव सांगितला होता. मग दारावर जुन्या वस्तू घेत फिरणारा एक जण आला आणि त्याच्या कितीतरी पट रक्कम बोलून गेला. तेव्हापासून घरात चर्चा सुरू झाली. नातवाने मला पहिलाच प्रश्न विचारला, "काका, याचे खरे किती येतील?"

नंदी मी खिडकीपाशी नेला. पितळेची वस्तू पाहायची तर दिवसाच्या उजेडात, तिरपी धरून. पहिल्यांदा पोटाखाली आणि पायांच्या आतल्या बाजूला पाहावं. जिथे पूजेच्या वेळी कुणाची नजर जात नाही, तिथे ओताऱ्याने आपला हात लपवलेला नसतो. या नंदीच्या पोटाखाली कानशीचे आडवेतिडवे ओरखडे स्पष्ट आहेत आणि मागच्या पायापाशी धातू ओतताना राहिलेला हवेचा एक फुगा आहे. दोन अर्ध्या साच्यांच्या जोडाची रेघ कुठेही दिसत नाही. मेणाचा नंदी करून, त्यावर मातीचा लेप देऊन, मेण वितळवून त्या पोकळीत पितळ ओतलेलं असावं, असं ही खूण सांगते. ओताऱ्यांची ही रीत आपल्याकडे फार जुनी. बाराव्या शतकात चालुक्य राजा सोमेश्वर तिसरा याच्या 'मानसोल्लास' या ग्रंथात तिचं तपशीलवार वर्णन आहे. या रीतीत प्रत्येक वस्तूबरोबर तिचा साचा फुटतो, म्हणून तंतोतंत दुसरी निघत नाही. कारखान्यात निघालेला शोभेचा माल एकसारखा असतो. त्याच्या कडा जिथे तिथे सारख्याच बोथट असतात आणि जुना दिसावा म्हणून आम्लाने काळवंडवलेला असेल तर काळेपणाही सगळीकडे सारखा बसलेला असतो.

खरी झीज मात्र सारखी नसते. नंदीचं वशिंड गुळगुळीत झालं होतं, कारण धरायला तीच जागा सोयीची. कपाळ झिजलं होतं, कारण गंध तिथेच लागतं. पाठीवरच्या झुलीची नक्षी चिंचेने घासून घासून पुसट झाली होती. पण गळ्याच्या पोळीखाली, जिथे बोट शिरत नाही, तिथे घुंगरमाळेचा एकेक मणी कालच कोरल्यासारखा टोकदार होता. डावं शिंग कधीतरी तुटून डाग देऊन पुन्हा बसवलेलं. डागाचा धातू मूळ पितळेपेक्षा पांढुरका दिसत होता. दुरुस्तीने बाजारात किंमत उतरते. माझ्या लेखी मात्र तो डाग हा या वस्तूवर जीव असल्याचा दाखला आहे. टाकाऊ वस्तू कुणी डागायला नेत नाही.

सगळ्यांत बोलकी होती ती चौकटीखालची भोकं. ती गोल राहिली नव्हती, वरच्या बाजूने लांबट झाली होती. नंदीचा भार आसावर पडायचा आणि आस फिरताना भोकाची वरची कड खायचा. म्हणजे या नंदीला एके काळी चाकं होती, आणि ती नुसती शोभेला नव्हती, भरपूर फिरली होती.

"आजी, याला चाकं होती का?"

"म्या आले तवा नव्हती रं बाबा. पर सासूबाई सांगायची, तिचा भाऊ ल्हान असताना दोरी बांधून वढायचा म्हून. पैठणाकडची व्हती ती. तिच्या लग्नात रुखवतावर ह्यो नंदी आला."

भोकांनी जे सांगितलं तेच आजींनी सांगितलं, आणि त्याच्यावर गाव, नातं आणि काळ यांची भर घातली. आजींचं लग्न बहात्तरच्या दुष्काळाच्या आधीचं. सासूबाईंचं त्याच्या बऱ्याच आधीचं. त्यांचा भाऊ दोरी धरून नंदी ओढत होता ते दिवस त्याहूनही मागे, सुमारे शंभर वर्षांपूर्वीच्या घरात जातात. म्हणजे हा नंदी आधी पोराचं खेळणं होता, मग रुखवतावरची शोभा झाला आणि मग देव्हाऱ्यात जाऊन बसला. काट्यावर यातलं काहीच उमटत नाही. दारावर येऊन गेलेल्या गिऱ्हाइकालाही यातलं काही नको होतं. त्याला फक्त नंदी हवा होता.

चाकं हरवलेला असा एक हत्ती महाराष्ट्राने साऱ्या जगाला दिला आहे. घनसावंगी तालुक्याच्या दक्षिणेकडून गोदावरी वाहते. तिच्या काठाने वर गेलं की पैठण लागतं, नाथसागर लागतो आणि त्याच्याही वर प्रवरासंगमाला प्रवरा येऊन मिळते. या प्रवरेच्या डाव्या काठावर, अहमदनगर (आता अहिल्यानगर) जिल्ह्यातल्या श्रीरामपूर तालुक्यात दायमाबाद आहे. तिथल्या पांढरीच्या टेकाडाचा शोध १९५८ साली बी. पी. बोपर्डीकर यांनी लावला आणि भारतीय पुरातत्त्व सर्वेक्षणाच्या वतीने म. न. देशपांडे यांनी पहिलं उत्खनन केलं. त्यानंतर बरीच वर्षं टेकाड शांत होतं. १९७४ साली गावातले शेतकरी छबू लक्ष्मण भिल्ल एका झाडाचं खोड खणून काढत होते, तेव्हा मातीतून चार जनावरगाड्या वर आल्या.

एक रथ: ४५ सेंटिमीटर लांब, दोन बैल जुंपलेला, आणि त्यात उभा असलेला १६ सेंटिमीटर उंचीचा पुरुष. रथाच्या दांडीवर एक कुत्रा. दुसरा रेडा, चौकटीसकट ३१ सेंटिमीटर उंच, चार भरीव चाकांवर. तिसरा गेंडा, १९ सेंटिमीटर उंच, त्यालाही चाकं. आणि चौथा हत्ती, २५ सेंटिमीटर उंच. चौकट तशीच, आस अडकवायची सोय तशीच, फक्त आस आणि चाकं गायब. चारही भरीव ओतलेले. एकत्रित वजन साठ किलोंहून अधिक. एवढ्या वजनाचं खेळणं कुठलं पोर ओढणार? म्हणून बहुतेक अभ्यासक यांचा संबंध कुठल्या तरी मिरवणुकीशी, पूजाविधीशी जोडतात.

कल्पना करा, हे साठ किलो एखाद्या मोडीच्या दुकानात गेले असते तर काय झालं असतं. तशी वाट मोकळी होती. जमिनीत सापडलेल्या ठेव्याबद्दल आपल्याकडे १८७८चा निखात निधी कायदा आहे. दहा रुपयांहून जास्त किमतीचं काही सापडलं तर जिल्हाधिकाऱ्याला कळवायचं, असं तो सांगतो. सरकारला तो ठेवा स्वतःकडे ठेवायचा असेल तर मोबदल्याचा हिशेबही त्यात दिलेला आहे: वस्तूच्या धातूची जी किंमत होईल ती, आणि वर तिचा पाचवा हिस्सा. इंग्रजांनी सोन्याची नाणी आणि दागिने डोळ्यांपुढे ठेवून केलेला हा हिशेब असावा. पण तांब्याच्या गेंड्याला तो लावला तर कायदाही शेवटी काट्यावरच येऊन उभा राहतो, एक पंचमांश जास्त देऊन. हे मला फार खटकतं. ज्याच्या कुदळीने इतिहासाचं पान उघडलं त्याला मिळणारा मोबदला जर धातूच्या वजनावर ठरणार असेल, तर पुढचा माणूस कळवायला कशाला जाईल?

दायमाबादचा ठेवा सुदैवाने पुरातत्त्व खात्याच्या हाती आला. लगोलग १९७४-७५ मध्ये लोथलचे उत्खनक एस. आर. राव यांनी दायमाबादला पुन्हा खणायला घेतलं आणि १९७५ ते १९७९ या काळात एस. ए. साळी यांनी मोठं उत्खनन केलं. त्यांचा अहवाल १९८६ साली प्रसिद्ध झाला. एकावर एक पाच संस्कृतींचे थर त्यात निघाले. सर्वांत खाली सावळदा, मग उत्तर हडप्पा, मग दायमाबादचीच म्हणून ओळखली जाणारी, नंतर माळवा आणि शेवटी जोर्वे. काळ साधारण इसवी सनपूर्व २२०० पासून १००० पर्यंत. सिंधू लिपीची अक्षरं कोरलेल्या गोल मुद्रा आणि खापरं इथे मिळाली. सिंधू खोऱ्यातली माणसं, किंवा निदान त्यांची रीतभात, दख्खनच्या पठारावर गोदावरीच्या खोऱ्यापर्यंत पोहोचली होती याचा हा पक्का पुरावा.

मग ही चार शिल्पं कुणाची? मोल करण्याचा प्रश्न इथे खऱ्या अर्थाने अवघड होतो. डेक्कन कॉलेजचे मधुकर ढवळीकर आणि इतर काही अभ्यासकांच्या मते ती उत्तर हडप्पा काळातली. म्हणजे जवळजवळ चार हजार वर्षांपूर्वीची. हत्ती, गेंडा, रेडा ही जनावरं मोहेंजोदडोच्या मुद्रांवर ठायी ठायी भेटतात. पशुपती म्हणून प्रसिद्ध असलेल्या मुद्रेवर मधल्या आकृतीभोवती हे तिघेही आहेत, चौथा वाघ. त्यातून दायमाबादला त्या काळाचा थर निघालेलाच आहे. दुसरीकडे डी. पी. अग्रवाल यांनी धातूच्या पृथक्करणावर बोट ठेवलं. या शिल्पांत सोमलाचं, म्हणजे आर्सेनिकचं प्रमाण एक टक्क्याहून जास्त आहे, आणि इथल्या ताम्रपाषाणयुगीन वस्तूंत तसा मिश्रधातू आढळत नाही. तेव्हा शिल्पं कदाचित कितीतरी नंतरची, ऐतिहासिक काळातलीही असू शकतील, असा त्यांचा मुद्दा.

दोन मतांमध्ये अंतर किती, तर हजार वर्षांहून अधिक. आणि ते मिटवायला प्रयोगशाळा फारशी मदत करू शकत नाही. मातीची भाजलेली वस्तू असती तर ती शेवटची कधी तापली हे औष्णिक प्रदीपन पद्धतीने काढता येतं. पोकळ ओतलेली मूर्ती असती तर तिच्या पोटातली भाजलेली माती तपासता आली असती. ही शिल्पं भरीव आहेत. आत मातीचा कणही नाही. धातूत काय काय मिसळलं आहे ते यंत्र सांगतं, धातू कधी ओतला ते सांगत नाही. शेवटी सारं एका गोष्टीवर येऊन थांबतं: शिल्पं नेमकी कुठल्या थरात होती? त्यांच्या शेजारी कुठलं खापर होतं? वर कुठली जमीन सारवलेली होती? झाडाचं खोड उपसताना हे पाहायला तिथे पुरातत्त्वाचा माणूस नव्हता आणि असायचं कारणही नव्हतं. कुदळीने जनावरं वर काढली आणि त्यांच्या भोवतीची माती, जी त्यांचं वय सांगू शकली असती, ती बाजूला पडली.

मला स्वतःला ढवळीकरांची बाजू जास्त पटते. मोहेंजोदडोच्या काही तांब्याच्या वस्तूंतही सोमल मिळालेलं आहे. तेव्हा सोमल आहे एवढ्यावरून शिल्पं हडप्पा परंपरेबाहेर ढकलता येत नाहीत. त्याउलट चाकांवर उभ्या जनावरांची ही मांडणी, भरीव चाकं, बैलांची लांबट अंगं आणि आखूड डौलदार शिंगं यांना नंतरच्या काळात दख्खनमध्ये जोड सापडत नाही. पण हे मत आहे. पुरावा त्या खोडाखालच्या मातीत होता.

याच्या अगदी उलट उदाहरणही एका बैलाचंच आहे. पुणे जिल्ह्यातल्या शिरूर तालुक्यात घोड नदीच्या काठी इनामगाव आहे. डेक्कन कॉलेजच्या ह. धी. सांकलिया, झैनुद्दीन अन्सारी आणि ढवळीकर यांनी १९६८ पासून पुढे बरीच वर्षं तिथे उत्खनन केलं. तिथल्या एका घराच्या जमिनीखाली मातीची एक लंबगोल पेटी निघाली. पेटीवर झाकण. आत डोकं नसलेली एक स्त्रीमूर्ती. झाकणावर डोकं असलेली दुसरी स्त्रीमूर्ती आणि एक बैल. सगळं कच्च्या मातीचं, भाजलेलंही नाही. बैलाच्या पाठीला भोक आणि बिनडोक्याच्या मूर्तीच्या पोटालाही भोक. एक काडी दोन्हींत घातली की मूर्ती बैलावर नेमकी बसते. काळ जोर्वे संस्कृतीचा, म्हणजे तीन हजार वर्षांहून जुना.

मोडीत या बैलाचा भाव शून्य. पाण्यात ठेवला तर तासाभरात चिखल होईल. तरीही दख्खनच्या पहिल्या शेतकऱ्यांच्या श्रद्धेविषयी साठ किलोंच्या ठेव्याला जे सांगता आलं नाही ते या चिखलाच्या बैलाने सांगितलं. कुणाच्या घरात, कशाखाली, कुणाशेजारी, कुणाला पाठीवर घेऊन तो होता हे सगळं जागच्या जागी नोंदलं गेलं म्हणून. पेटी आधी कुणी उपसून बाजारात आणली असती तर मूर्ती एकीकडे, बैल दुसरीकडे गेला असता, आणि दोन भोकांचा अर्थ कुणालाच लागला नसता.

कोल्हापूरलाही एक हत्ती आहे, त्याच्यावर माणसं बसलेली. ब्रह्मपुरीच्या टेकडीवर १९४०च्या दशकात सापडलेल्या ब्राँझच्या वस्तूंत तो होता. त्याच ठेव्यात समुद्रदेव पोसायडनची रोमन घाटाची छोटी मूर्तीही होती. सगळ्यांचं लक्ष त्या परदेशी पाहुण्याकडे जातं, आणि जावं. पण हत्ती आपल्याकडच्या ओताऱ्याच्या हातचा आहे आणि रोमन मालाच्या संगतीत मिळाल्यामुळेच तो सातवाहनांच्या काळात नेऊन बसवता येतो. एकटा बाजारात आला असता तर कुणी त्याला शंभर वर्षांचा म्हटलं असतं, कुणी हजार.

हे सगळं एका वीतभर पितळी नंदीला कशाला सांगायचं, असं कुणाला वाटेल. मला वाटतं, त्यालाच सांगायला हवं. दायमाबादच्या तोडीची शिल्पं रोज निघत नाहीत. घराघरांतले नंदी, घोडे, हत्ती मात्र रोज वितळताहेत आणि त्यांच्या जागा रोज हरवताहेत. पुण्यात दिनकर केळकरांनी आयुष्यभर वाडे, बाजार आणि अडगळी धुंडाळून जे जमवलं, त्यात अडकित्ते, दिवे, गंजिफा, दाराच्या चौकटी, असंच तर सगळं होतं. १९७५ साली त्यांनी तो संग्रह महाराष्ट्र शासनाला दिला. आज राजा दिनकर केळकर संग्रहालयात पोपटाच्या आणि घोड्याच्या आकाराचे अडकित्ते पाहताना लोक तासन्‌तास रेंगाळतात. एका माणसाच्या डोळ्यांना त्यांत मोल दिसलं म्हणून ते मोडीतून वाचले. मराठवाड्यात असा एखादा केळकर गावोगाव फिरला असता तर काय काय हाती लागलं असतं, याचा विचार करून हळहळ वाटते.

कायद्याची बाजूही समजून घेतली पाहिजे, कारण दारावर येणारा माणूस ती कधीच सांगत नाही. पुरावस्तू आणि कलाकृतींविषयीचा १९७२चा केंद्रीय कायदा एप्रिल १९७६ पासून लागू आहे. त्यानुसार निदान शंभर वर्षं जुनी असलेली कलावस्तू ही पुरावस्तू ठरते. दगड, भाजलेली माती, धातू, हस्तिदंत यांतल्या जुन्या मूर्ती व शिल्पं ज्याच्याकडे असतील त्याने नोंदणी अधिकाऱ्याकडे त्यांची नोंद करायची असते. फोटो जोडून अर्ज दिला की नोंदणीचं प्रमाणपत्र मिळतं. वस्तू घरातच राहते, मालकी घरचीच राहते. लोकांना वाटतं, कळवलं की सरकार घेऊन जाईल. या गैरसमजापायी कितीतरी घरं गप्प बसतात आणि मग गुपचूप विकतात. देशातल्या देशात विकायलाही बंदी नाही, पण पुरावस्तूंचा धंदा करणाऱ्याकडे परवाना लागतो. खाजगी माणसाने अशी वस्तू परदेशी पाठवणं हा तुरुंगवासाचा गुन्हा आहे. तेव्हा दारावर आलेल्या गिऱ्हाइकाला पहिला प्रश्न विचारायचा तो परवान्याचा. खरा व्यापारी दाखवतो. दुसरा सहसा पुन्हा येत नाही.

आमच्या नंदीचं वय शंभराच्या उंबरठ्यावर आहे. आजींचं बोलणं धरलं तर तो त्या रेषेपलीकडे जातो. ते सोडलं तर तो नुसता एक जुना पितळी नंदी. कायद्यातली रेषासुद्धा या घरात शेवटी एका म्हातारीच्या आठवणीवर उभी आहे.

कुंभार पिंपळगावच्या लोकांना हे समजावून सांगावं लागत नाही, कारण त्यांनी जवळून पाहिलं आहे. शेजारीच जांब, समर्थ रामदासांचं जन्मगाव. २०२२ च्या ऑगस्टमध्ये तिथल्या राममंदिरातल्या पंचधातूच्या मूर्ती रात्रीतून चोरीला गेल्या. सगळा परिसर हादरला. लोक रस्त्यावर आले, विधिमंडळापर्यंत विषय गेला. त्याच वर्षी पोलिसांनी बऱ्याच मूर्ती शोधून परत आणल्या. त्या मूर्ती हजारो डोळ्यांनी रोज पाहिलेल्या होत्या, त्यांचे फोटो घरोघरी होते. कुठल्याही बाजारात त्या दिसल्या असत्या तर ओळखू आल्या असत्या. देव्हाऱ्यातल्या नंदीला ओळखणारे डोळे चार-पाच. त्याचा फोटोही नाही. तो गेला तर पोलिसांत काय सांगणार, "पितळेचा नंदी, एक"?

म्हणून नातवाला मी आकडा सांगितला नाही. खरं तर तो सांगताही येतो. अशा वस्तू घेणाऱ्या शहरी दुकानांत वजनाच्या भावापेक्षा पुष्कळ जास्त मिळतात, आणि चाकं नाहीत, शिंग डागलेलं आहे म्हणून त्यातून काही कापलेही जातात. पण तो आकडा सांगितला की चर्चा तिथेच संपते. त्याऐवजी आम्ही दोघांनी बसून कामं केली. किराणा दुकानातल्या इलेक्ट्रॉनिक काट्यावर वजन ग्रॅमपर्यंत घेतलं. पट्टी शेजारी ठेवून पुढून, मागून, दोन्ही बाजूंनी आणि खालून फोटो काढले. डागलेलं शिंग, फुगा आणि चारही भोकं यांचे जवळून वेगळे. चिंच आणि ब्रासो दोन्ही आता बंद, असं आजींना विनवलं. नुसत्या कोरड्या मऊ फडक्याने पुसा. पितळेवरचा मळकट तपकिरी थर हा मळ नसतो. तो काळाने चढवलेला असतो आणि एकदा घासून काढला की परत येत नाही. आजींना हे मुळीच पटलं नाही. देव काळा ठेवायचा का, असा त्यांचा सवाल होता. शेवटी पाडव्याला एकदा धुवायची मुभा ठरली, साध्या पाण्याने.

घराबाहेर पडलो तेव्हा पोळा तोंडावर आला होता. रस्त्याच्या कडेला मातीचे बैल मांडलेले होते. ज्यांच्या दावणीला आता बैल उरले नाहीत, ट्रॅक्टर आला, अशी घरं वाढत चालली आहेत, आणि ती पाटावर मातीची जोडी पुजतात. गावाच्या नावातच कुंभार आहे. हे बैल काही रुपयांना मिळतात, दोन-चार दिवस देवापुढे राहतात आणि मग विहिरीत, ओढ्यात किंवा उकिरड्याशेजारी जातात. इनामगावचा बैल याच जातीचा होता. तो चिखलाचा होता, कुणीतरी हाताने केलेला होता आणि घरच्या पूजेपुरता होता. आज पिंपळगावात मिळणाऱ्या बैलाचं शिंग कसं वळवलं जातं, वशिंड चिमटीत धरून कसं वर ओढलं जातं, डोळा काडीने टोचतात की गेरूने काढतात, हे कुणी गावनिहाय नोंदवतं आहे का? साच्याचा बैल आला की हातचा बैल जातो. तो गेला की त्याची मोडही निघत नाही. जवळच्या शाळेतल्या मुलांनी एका पोळ्याला आपल्या गावात विकले जाणारे बैल मोजून, फोटो काढून, करणाऱ्याचं नाव-गाव लिहून ठेवलं तरी ते जिल्ह्याच्या दृष्टीने मोठं काम होईल. त्याला ना परवानगी लागते, ना पैसा.

नंदीचं शेवटचं काम राहिलं होतं ते आजींचं बोलणं. नातवाने मोबाइल त्यांच्यापुढे ठेवला आणि नंदी कुठून आला ते सगळं सांगायला लावलं. नंदीबद्दल आजी थोडंच बोलल्या: पैठणाकडचं सासूबाईंचं माहेर, भाऊ, दोरी, रुखवत. मग त्यांची गाडी बहात्तरच्या दुष्काळावर गेली. त्या वर्षी घरातलं काय काय मोडीत गेलं ते त्यांनी एकेक करून सांगितलं. दोन हंडे. न्हाणीघरातला बंब. मोराची समई. सासऱ्यांचं पानदान. लेकीच्या बारशाची वाटी. कुणी किती दिले तेही त्यांच्या लक्षात होतं. नातवाने वहीत नंदीच्या पानानंतरचं पान उलटलं आणि वर "विकलेलं" असं लिहून ती यादीही उतरवून घेतली.